ओल टिकवण्याचा उद्योग

या सगळ्याला मेहुणा जबाबदार आहे, असं कलाकार बरेच दिवस म्हणत होता. खरं तर मेहुणा चारच वाक्यं बोलला होता, आणि तीही दुसरा चहा मिळावा म्हणून.

"भाऊजी, तुम्ही ब्लॉग लिहा."

कलाकार हे काही त्याचं नाव नव्हे. तो एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात नटबोल्टांच्या आकृत्या काढायचा. इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर 'झाकण लावावे' एवढं सुबक अक्षरात रंगवून दिलं, त्या दिवसापासून सगळे त्याला कलाकार म्हणू लागले. निम्मे कौतुकाने, निम्मे खोडसाळपणे. त्याने मात्र सगळंच कौतुक धरलं. घरी कपाटामागे त्याची अर्धवट चित्रं उभी होती. नाक नसलेली बायको, पाणी नसलेली नदी, आणि एक घोडा, ज्याचे मागचे पाय काढायचं धाडस त्याला कधीच झालं नव्हतं. वेळ मिळत नाही, असं तो म्हणे. वेळ भरपूर होता. पूर्ण केलेलं चित्र वाईट आहे हे कळतं; अर्धवट चित्राबद्दल आयुष्यभर आशा बाळगता येते. आपल्याकडचे निम्मे कलावंत याच आशेवर म्हातारे होतात आणि वर तरुणांना उपदेश करतात.

"दर रविवारी एक चित्र टाकायचं, खाली चार ओळी लिहायच्या," मेहुणा म्हणाला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्यामुळे घरात त्याचा शब्द डॉक्टरच्या शब्दासारखा चालायचा. "लोक वाट बघतायत म्हटलं की हात आपोआप चालतो. ताई, चहा छान झालाय हं."

ताईने कप भरला आणि ब्लॉग सुरू झाला.

पहिले काही रविवार कलाकाराने 'कला म्हणजे काय', 'कलावंताचा एकांत' असे लेख लिहिले. वाचक किती आले हे दाखवणारा आकडा हळूहळू वाढत होता. तो खुशीत होता. पुढे मेहुण्याने खुलासा केला, की ते सगळे वाचक म्हणजे स्वतः कलाकार, एकदा घरून आणि एकदा कारखान्यातून. त्या रात्री तो जेवला नाही. खरं म्हणजे थोडं जेवला, पण बोलला नाही.

पुढच्या रविवारी चित्र सुचेना. तो पलंगावर उताणा पडला आणि छताकडे बघत राहिला. कोपऱ्यात ओलीचा डाग होता. बरेच दिवस होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींची न्हाणी नेमकी त्याच्यावर. तो डाग त्याने रोज पाहिला होता आणि एकदाही बघितला नव्हता. कडेला पिवळट रेघ, आत राखाडी, मध्ये कुठेतरी चक्क जांभळ्यावर गेलेला. त्याने कागद ओढला आणि जेवणाच्या आत चित्र पुरं केलं. पुरं! खाली लिहिलं, 'ओल, पहिली.'

आणि माणसं आली. खरी माणसं. एकाने लिहिलं, यात म्हातारा उंट दिसतो. दुसरा म्हणाला, उंट कसला, ही पाठमोरी बसलेली आई आहे. त्यावरून दोघांची जुंपली. एक बाई कुठल्या दूरच्या गावातून लिहीत, की त्या हॉस्पिटलात पडून आहेत, त्यांच्याही छताला डाग आहे, आणि तुमचा बघितल्यापासून त्यांना आपल्या डागाची सोबत वाटते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल. ब्लॉगने त्या माणसाचं भलं केलं. दर रविवारी डाग थोडा सरकलेला असे आणि दर रविवारी कुणीतरी वाट बघत असे, म्हणून तो बसे. बसे म्हणून दिसे. दिसे म्हणून हात सुधारला. जन्मात पहिल्यांदा तो चित्र संपवू लागला. घोड्याचे मागचे पायसुद्धा त्याने एका दुपारी रेखाटून टाकले. वाईट निघाले, पण निघाले. मेहुण्याचं वाक्य सोळा आणे खरं होतं. घाण केली ती पुढे कलाकाराने, आणि स्वतःच्या हाताने केली.

घाणीची सुरुवात एका ओळीपासून झाली. चित्राखाली काहीतरी खोल लिहावं म्हणून त्याने लिहिलं: 'वरच्या मजल्यावरचा निष्काळजीपणा हेच माझं वरदान.' लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. फार आवडलं.

सेक्रेटरीच्या बायकोलाही आवडलं. तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. इमारतीचे सेक्रेटरी हे निवृत्त गृहस्थ; कामावर असताना त्यांना कुणी विचारलं नाही, त्याचं उट्टं ते इमारतीवर काढत. ते तडक दारात हजर.

"ओल तुमच्या घरात, आणि आम्हाला कळतं इंटरनेटवरून?"

"तशी तक्रार नाही हो माझी…"

"तुमची नसेल. इमारतीची आहे. स्लॅब काय तुमच्या एकट्याचा आहे का?"

समोरचे काका आवाज ऐकून बाहेर आले. काकांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे ते सल्ला देताना प्रश्नाची वाट बघत नसत. "चुना लावा!" म्हणाले. "नाहीतर फ्लॅट विका!"

वरच्या मावशींनी मात्र वाद घातला नाही. आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. एक अक्षर चुकलं तर पूर्ण पान पुन्हा टाइप करायला लावत, म्हणून निम्म्या गावाला त्यांचा धाक. त्या खाली आल्या, चष्मा लावून डाग बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, हे माझ्यामुळे? आणि तू इतके दिवस बोलला नाहीस?"

त्याने काय सांगावं? की मला आवडतो? तो नुसता हसला. मावशींनी ते मोठेपणाचं हसू समजून आठवड्याच्या आत न्हाणी फोडली, पाइप बदलला, फरशी नवी घातली.

आणि ओल सुकायला लागली.

रविवारी बघतो तो उंटाची मान गेलेली. पुढच्या रविवारी पाठ गेली. वाचक हवालदिल झाले. 'संपली का हो?' 'आईला सांभाळा.' हॉस्पिटलातल्या बाईंनी लिहिलं, तुमची ओल जातेय, माझं काय होणार. त्यातच एका कलादालनाच्या बाईंचा फोन आला.

"पुढच्या महिन्यात भिंत रिकामी आहे. तुमची पूर्ण मालिका लावू. पण शेवटची चित्रं मोठी हवीत हं, पसरत जाणारी. सुकणारी ओल कोण बघायला येतं?"

कलादालन! कपाटामागे आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी भिंत देत होतं. त्याने फोन ठेवला, बायको शाळेत शिकवायला गेलेली आहे याची खात्री केली, इस्त्रीचा फवारा उचलला आणि स्टुलावर चढला.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी मारलं. पण साध्या पाण्याला ती पिवळट कड येईना. तेव्हा या गृहस्थाने चहाचं पाणी उकळलं, गाळलं, गार केलं आणि फवाऱ्यात भरलं. नटबोल्टांच्या आकृत्या काढणारा माणूस, काम नीटनेटकं. कुठे किती मारायचं, कुठे बोळ्याने टिपायचं, सगळं ठरवून. रविवारपर्यंत ओल अशी काही उमलली की त्याचं त्यालाच भरून आलं. चित्रही फर्मास झालं. वाचकांनी लिहिलं, 'निसर्गासारखा कलावंत नाही.' याने त्यावर 'खरं आहे' असं उत्तर दिलं. हात झडला नाही.

ओल परत आली, हे अर्थातच सेक्रेटरीच्या बायकोने वाचलं.

आता प्रकरण सरकारी झालं. सेक्रेटरींनी अर्ज केला आणि नगरपालिकेचा माणूस आला. त्याचा पहिला प्रश्न, हे पाणी पिण्याचं की सांडपाणी? पिण्याचं असेल तर ते त्याच्याकडे येत नाही, दुसऱ्या खात्याकडे जातं. आणि त्या खात्याचा माणूस रजेवर आहे. तो स्टुलावर चढला, डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"रंग बघा," तो म्हणाला. "सांडपाणी. शंभर टक्के. वरून ड्रेनेज फुटलंय."

"तरीच वास येतो," काका दारातून म्हणाले. त्यांना ऐकू येत नसे, वास मात्र सगळ्यांच्या आधी येत असे.

म्हणजे मावशींची न्हाणी पुन्हा फोडायची. या वेळी नुसता पाइप नाही, खालपर्यंत सगळं.

त्याच वेळी, सगळे जमलेले असताना, कलाकाराला बोलता आलं असतं. एक वाक्य. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "या साहेबांचं कौतुक आहे. दुसरा असता तर भांडला असता," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं कौतुक झाल्यावर उघडलेलं तोंड माणूस कशाला वापरतो? जांभई देऊन मिटून टाकतो.

मावशींना अंघोळीला जागा राहिली नाही. बायको म्हणाली, "आमच्याकडे येत जा." आणि त्या रोज सकाळी टॉवेल, साबणाची डबी आणि स्वतःची बादली घेऊन खाली येऊ लागल्या. स्वतःची बादली! तुमची कशाला झिजवू, म्हणायच्या. अंघोळ झाली की ओल्या केसांनी त्याच्यापुढे उभ्या राहायच्या.

"माझ्यामुळे तुला फार त्रास रे."

"नाही हो मावशी."

"प्लंबर म्हणतो, पाइप अगदी कोरडा आहे. मग पाणी येतं कुठून? रात्रभर मी नळ बंद करून बसते. भांडीसुद्धा थोड्या पाण्यात घासते."

जिन्यात वेगळंच चाललं होतं. त्याची ती खोल ओळ ब्लॉगवरून उतरून जिन्यात आली होती आणि पायरीपायरीवर बसली होती. "एकटीला एवढं पाणी लागतं कशाला?" "वय झालं की लक्ष राहत नाही हो." "निष्काळजी म्हणजे निष्काळजीच, कलाकारांनी लिहिलंय ना." मावशी वर-खाली जाताना दारं अर्धी मिटत. टायपिंगमध्ये ज्या बाईने आयुष्यभर कुणाचं एक अक्षर चुकू दिलं नाही, त्या बाईला लोक निष्काळजी म्हणत होते. आणि तिला ते ऐकू येत होतं.

हे सगळं त्याला दिसत होतं. म्हणून तो फवारा मारताना खिडकी लावून घेऊ लागला.

प्रदर्शनाच्या आधीचं शेवटचं मोठं चित्र राहिलं होतं. अर्धा दिवस रजा टाकून तो घरी आला आणि स्टुलावर चढला. वर प्लंबरची छिन्नी चालू होती: ठक, ठक. याने फवारा नेमका कोपऱ्यात धरला. ठक. आणि वरून गिलाव्याचा एक मोठा तुकडा सुटला, पलंगावर आपटला, छताला वाटीएवढं भोक पडलं आणि त्या भोकात एक डोळा आला.

डोळ्याने फवारा बघितला. स्टूल बघितलं. मग कलाकाराकडे निवांत बघितलं.

"साहेब," डोळा म्हणाला, "पाणी खालून वर येतंय."

"हळू बोला हो!"

"मावशी दुकानात गेल्यात. चहा आहे काय हा? ओठावर उडाला. साखर नाही घातली."

कलाकार स्टुलावर तसाच. "हे… हे चित्रासाठी आहे. तुम्हाला कळणार नाही."

"कळलं की!" प्लंबर खळखळून हसला. "तुम्ही भिजवायचं, मी फोडायचं. तुमचंही काम चालू, माझंही चालू. मी कशाला बोलतोय? आपण धंदेवाली माणसं. फक्त या कोपऱ्यात मारू नका आता. त्या दाराच्या बाजूला मारा, तिकडची फरशी अजून फोडायची राहिलीय."

आणि डोळा मिचकावला. भोकात दुसरं काही दिसत नसल्यामुळे ते मिचकावणं फार मोठं वाटलं.

सेक्रेटरीने पकडलं असतं तर कलाकाराने कलेवर भाषण दिलं असतं. बायकोने पकडलं असतं तर डोकं दुखतंय म्हणून झोपला असता. पण हा माणूस त्याला आपल्यातलाच समजून खूश झाला होता. त्याला भाऊबंद मिळाला होता! कलाकार स्टुलावरून उतरला, गिलाव्याच्या ढिगाशेजारी बसला आणि गालांना हात लावला. कान तापले होते.

संध्याकाळी त्याने सगळं लिहायला घेतलं. पहिली ओळ अशी: 'लज्जाही ओलीसारखीच असते, ती आतून पसरत जाते…' दोनदा वाचली. आवडली. आवडली हे कळलं तशी त्याने ती पुसली. मग साधं लिहिलं. ओल सुकली होती. नंतरचं पाणी मी मारलं, चहाचं. वरच्या बाईंची काही चूक नव्हती. त्यांची न्हाणी दुसऱ्यांदा फुटली ती माझ्यामुळे. चित्र टाकलं नाही. आता चार शिव्या बसतील आणि मोकळं होता येईल, असं त्याला वाटलं.

शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक टाळ्या वाजवू लागले. 'किती प्रामाणिक!' 'या युगाचं रूपक.' उंटवाला आणि आईवाला दोघे पहिल्यांदाच एका बाजूला झाले: ओल खोटी असेल, पण अनुभूती खरी होती. हॉस्पिटलातल्या बाईंनी एवढंच लिहिलं, 'मग मी काय बघत होते?' बाकी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. जगात भामटेपणाला कुणी विचारत नाही. भामटेपणा करून तो नीट लिहून काढला की त्याला साहित्य म्हणतात.

कलादालनाच्या बाईंचा फोन आलाच. "आता तर हवीच मालिका! तो फवारासुद्धा काचेच्या पेटीत ठेवू."

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

विचार करून! तिथल्या तिथे नाही म्हणायला जीभ लुळी पडली होती काय?

बायको पलीकडे वह्या तपासत बसली होती. तिने लाल पेन खाली ठेवलं. तिने सगळं वाचलं होतं, खालच्या टाळ्यांसकट.

"अहो, जगाला सांगितलंत. वर सांगितलंत?"

"त्या वाचतील ना."

"म्हणजे त्या सकाळी आपल्या घरी अंघोळीला येणार, आणि तुम्ही पेपर तोंडापुढे धरून बसणार. असंच ना?"

त्याने अगदी तेच ठरवलं होतं. बायकोने दार उघडून धरलं. नुसतं उघडून धरलं, बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतका वेळ न बोलता पहिल्यांदाच उभी होती.

तो वर गेला. मावशींनी दार उघडलं. मागे न्हाणीत विटांचा ढीग, दारात ती बादली.

"मावशी, मी ते ब्लॉगवर…"

"सेक्रेटरीच्या बायकोनं वाचून दाखवलं. छान लिहितोस."

त्या 'छान'पुढे प्लंबरचा डोळा परवडला.

"मी माफी मागायला आलोय."

"रात्र रात्र नळाशी कान लावून बसले रे मी," मावशी म्हणाल्या. आवाज वाढला नाही, पण हनुवटी हलत होती. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. नळ उघडा राहतो आणि मला समजत नाही, असं वाटलं. डॉक्टरकडे जाऊन आले मी. आणि तू खाली माझ्यासमोर बसून म्हणायचास, नाही हो मावशी."

त्याने हात जोडले.

"माफीबिफी ठेव तुझ्याकडे. मला निष्काळजी म्हणाले ते काही कॉम्प्युटरवर नाही म्हणाले. या जिन्यात म्हणाले. जिन्यात सांग."

"आत्ता?"

"मग काय रविवारी?"

तो जिन्याच्या कठड्याशी उभा राहिला. खाली चार मजल्यांची दारं. इतकी दारं आपल्या इमारतीत आहेत हे त्याला माहीत नव्हतं. दूरच्या गावातल्या माणसांना त्याने बेधडक सांगितलं होतं. इथे त्याने पायरीकडे बघत सुरुवात केली.

"ती ओल… म्हणजे मावशींची काही चूक नव्हती. मीच जरासं पाणी मारत होतो."

"काय?" खालून काकांचं दार उघडलं. "कोण वारलं?"

"कुणी नाही काका! ओल! ओल मी केली!"

"ऐकू येत नाही! खाली येऊन सांगा!"

तो खाली गेला. काकांना कानाशी सांगितलं. काकांनी ते ओरडून स्वतःशी म्हणून पाहिलं, त्यामुळे आणखी दारं उघडली. सेक्रेटरी बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांची बायको आली, हातात फोन. तिच्यापुढे पुन्हा. पलीकडच्या बिऱ्हाडापुढे पुन्हा. ते म्हणाले, नीट सांगा, आम्ही सुरुवातीला नव्हतो. कुणी हसलं, कुणी च्यक च्यक केलं, एकाने विचारलं, चहा कोणता वापरलात. दर वेळी वाक्य थोडं आखूड होत गेलं. 'म्हणजे' गेलं, 'जरासं' गेलं. शेवटी उरलं ते असं: "मावशींची चूक नव्हती. पाणी मी मारलं. खोटं मी बोललो."

त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. संपलं असं समजून तो आपल्या दाराकडे वळला. बायको दारात होती, पण बाजूला होत नव्हती. ती वर बघत होती.

वर कठड्यावर दोन्ही हात ठेवून मावशी उभ्या होत्या.

"तळमजला राहिला," त्या म्हणाल्या.

तो उतरू लागला.